घोडा गाडीत चढवताना

घोडा गाडीत चढणार की अडणार, हे बहुधा रॅम्पला खूर लागण्याआधीच ठरते. डोके, मान, पाठ आणि पुठ्ठा एका रेषेत, ती रेषा रॅम्पच्या मध्यावर आणि मान खाली घालायला मोकळी, असा उभा असलेला घोडा चढायला तयार असतो. पुठ्ठा एका बाजूला सरकला की तो रॅम्पच्या कडेने निसटतो, नाहीतर पुढचे दोन पाय फळीवर ठेवून तिथेच अडतो. चारशे-पाचशे किलोचे जनावर ओढून आत नेता येत नाही. त्यामुळे गाडीत चढण्याचे शिक्षण म्हणजे मुख्यतः सांगितलेल्या जागी सरळ उभे राहण्याचे शिक्षण असते.

चौल, गोवा अशा बंदरांत अरबी घोडे शतकानुशतके गलबतांतून येत. जमिनीवर मात्र घोडा स्वतःच्या पायांनी मजल मारी. इंग्लंडमध्ये १८३६ साली लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी एलिस हा शर्यतीचा घोडा गुडवुडहून डॉन्कास्टरला खास बांधून घेतलेल्या बंद गाडीतून नेला. ही गाडी घोडेच ओढत होते. एलिस वेळेत पोहोचणार नाही, या समजुतीवर त्याच्याविरुद्ध पैजा लागल्या होत्या. तो ताजातवाना पोहोचला आणि सेंट लेजर शर्यत जिंकला. पुढे रेल्वे आणि मोटारगाड्या आल्या, आणि घोड्याला चढवणे हे तबेल्यातले नेहमीचे काम झाले.

बंद गाडी घोड्याच्या उपजत स्वभावाविरुद्ध जाते. तो कळपात राहणारा आणि पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. पण कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. उन्हातून अंधारात आल्यावर त्याची नजर स्थिरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. दुपारच्या उन्हात उघडलेली अंधारी गाडी त्याला गुहेसारखी वाटली तर नवल नाही. त्यात फळीचा पोकळ आवाज आणि पायाखालची हालचाल यांची भर पडते. पायाजवळची फळी नीट पाहायला त्याला मान खाली घालावी लागते. दोर वर खेचून धरला की नेमके तेच अडते आणि घोडा बुजतो.

म्हणून शिक्षण गाडीपासून लांब सुरू होते. पहिल्या टप्प्यात चार गोष्टी पक्क्या करतात: हलक्या इशाऱ्यावर पुढे येणे, थांबणे, एकेक पाऊल मागे जाणे आणि पुठ्ठा डावी-उजवीकडे सरकवणे. दुसऱ्या टप्प्यात जमिनीवर टाकलेल्या रबरी चटईवरून किंवा जाड फळीवरून, मग दोन बांबूंमधल्या अरुंद वाटेतून चालवतात. गाडी येते ती त्यानंतर. ती सपाट जागी, हलणार नाही अशी उभी करून आतले दिवे लावतात आणि पुढचे दार असल्यास उघडतात.

चढवणारा माणूस घोड्याच्या थेट समोर उभा राहत नाही. तो खांद्याजवळ राहतो. घोडा तिरका झाला तर तोंड ओढून उपयोग नसतो, कारण तोंड एकीकडे खेचले की पुठ्ठा दुसरीकडे जातो. अशा वेळी त्याला थांबवून, पुठ्ठा सरकवून रेषा पुन्हा जुळवतात आणि मगच पुढचे पाऊल मागतात. घोड्याने पाऊल टाकताच दोरावरचा ताण त्याच क्षणी सैल पडायला हवा. घोडा मागे सरत असताना ताण सुटला, तर मागे सरले की सुटका होते, हाच धडा तो शिकतो. एक पाय फळीवर आला की थांबवतात, कुरवाळतात आणि तो स्वतःहून मागे येण्याआधी त्याला मागे आणतात. मग दोन पाय, मग चार. उतरणेही याच क्रमाने शिकवले जाते, कारण पाठमोरे उतरण्याची भीती हेही न चढण्याचे एक कारण असते.

चंदीचा घास किंवा तसे बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतीची संशोधकांनी परीक्षा घेतली आहे. फर्ग्युसन आणि रोसालेस-रुईझ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चढायला नकार देणाऱ्या क्वार्टर हॉर्स जातीच्या पाच घोड्या होत्या. ठरावीक वस्तूला नाक लावले की बक्षीस, असे शिकवून ती वस्तू हळूहळू गाडीत सरकवली गेली. मान झटकणे, वळणे, मागच्या पायांवर उभे राहणे हे प्रकार थांबले, आणि नवा माणूस व नवी गाडी असतानाही शिकलेले टिकले. डेन्मार्कमध्ये २०११ साली बारा अडेल घोड्यांवर झालेल्या अभ्यासात, ताण देऊन सोडण्याच्या पद्धतीपेक्षा बक्षिसाच्या पद्धतीत अस्वस्थतेची लक्षणे कमी दिसली.

घोडा आत आल्यावर क्रमाला फार महत्त्व असते. आधी मागचा अडसर लावायचा, मग दोर बांधायचा. उतरवताना आधी दोर सोडायचा, मग अडसर काढायचा. हा क्रम चुकला तर बांधलेला घोडा मागे रेटतो, दोर ताणला जातो आणि तो घाबरून मान वर झटकतो. मानेला इजा होते, कधी घोडा मागच्या मागे कोसळतो.

भारतात घोडे बहुतेकदा ट्रकमधूनच जातात. प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार ट्रकच्या तळाला पाय न घसरणारे आच्छादन हवे, दोन जनावरांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, एका वाहनात चार ते सहापेक्षा अधिक घोडे नसावेत आणि वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आत असावा. रहदारीने घोडे बिचकू नयेत म्हणून त्यांची तोंडे डावीकडे असावीत, असेही हा नियम सांगतो. म्हणजे मागून सरळ चढलेल्या घोड्याला आत काटकोनात वळून आडवे उभे राहावे लागते. पुठ्ठा सरकवण्याचा सराव नसेल तर अरुंद जागेत हे वळण धोक्याचे ठरते, आणि शेजारी आधीच उभ्या असलेल्या घोड्याला दुगाण्या बसू शकतात.

पुणे आणि मुंबईच्या हंगामांदरम्यान ये-जा करणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांना चढण्या-उतरण्याचा सराव असतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकल्या जाणाऱ्या जनावराला मात्र अनोळखी माणसांबरोबर अनोळखी गाडीत चढावे लागते. जिथे रॅम्प नसतो तिथे ट्रकचे मागचे फळके मातीच्या उंचवट्याला टेकवतात. मधली फट बुजवलेली असली पाहिजे, कारण तिच्यात खूर अडकतो.

प्रवासात मान उंच बांधून ठेवलेल्या घोड्याला श्वासमार्गातली घाण बाहेर टाकता येत नाही. लांबच्या प्रवासानंतर होणाऱ्या फुफ्फुसांच्या आजाराचे ते एक मोठे कारण आहे. म्हणून दोर मान खाली जाईल इतका लांब, पण पाय अडकणार नाही इतकाच आखूड ठेवतात. वाटेत थांबून पाणी देतात आणि मान मोकळी करतात. शिकलेला घोडाही केवळ शर्यतीच्या किंवा दवाखान्याच्या दिवशीच गाडीत चढत असेल, तर तो पुन्हा अडू लागतो. त्यामुळे अधूनमधून त्याला चढवून, आत थोडी चंदी देऊन, कुठेही न नेता उतरवणे हा शिक्षणाचाच भाग मानला जातो.