जीपची भूक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटले असते. पण ज्या घराची चूल एका जुन्या जीपवर पेटते, त्या घरातल्या मुलाला इंजिन हा विषय टाळता येत नाही. आमचे गाव भोर तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आहे. वरच्या वाड्यांतून दुधाचे कॅन खाली आणायचे आणि परतताना पेंड, खत, कधी पत्रे वर न्यायचे, हा आमच्या आबांचा धंदा. डांबरी सडक संपली की पुढे सहा किलोमीटर दगडमातीची चढण लागते. तिथे चारही चाकांना जोर असलेली गाडीच लागते. दुसरी टिकत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर जीप काळा धूर टाकू लागली. लिटरला जेमतेम सात किलोमीटर पडत होते. तालुक्याच्या मिस्त्रींनी उपाय सुचवला, "हे इंजिन काढून टाका. भंगारातल्या गाडीचे अडीच लिटरचे चांगले इंजिन मिळतेय. लिटरला चौदा देईल." खर्च एक लाख साठ हजार. एवढे पैसे आमच्याकडे नव्हते. पतसंस्थेचे कर्ज काढायचे, तर हप्ता धाकट्या बहिणीच्या आणि माझ्या शिक्षणातूनच कापावा लागणार होता. आबा चौथी शिकलेले. रात्री जेवताना ते मला म्हणाले, "तू एवढा शिकतूस, अर्थशास्त्र का काय ते. मग ह्यो हिशोब मांड की." हा लेख म्हणजे त्याच हिशेबाची हकिगत आहे.

पेट्रोलकडून डिझेलकडे

इंजिन बदलण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत महिंद्रांनी १९४९ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे वर्षानुवर्षे आपल्या रस्त्यांवर दिसलेली सीजे-३बी ही जीप पेट्रोलवर चालणारी. तिचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसते, त्याचे कारणही इंजिनातच आहे. आत बसवलेले 'हरिकेन' इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच होते, म्हणून झाकण वर घ्यावे लागले. हे इंजिन दणकट, पण खादाड. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेलाचे भाव भडकले आणि अनेक जीपमालकांनी पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवण्याचा मार्ग धरला. पुढे कंपनीच्याच जीपगाड्या डिझेलवर येऊ लागल्या. आमची जीप त्याच घराण्यातली. तिच्यात प्यूजो बनावटीचे २११२ सी.सी.चे, ६२ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे.

डिझेल कमी का लागते, याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण दाबाचे. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सुमारे सातपट दाबली जाते, तर आमच्यासारख्या डिझेल इंजिनात वीसपटीहून अधिक. हवा जितकी जास्त दाबावी, तितका जळलेल्या वायूला पसरायला जास्त वाव मिळतो आणि उष्णतेचे अधिक काम होते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी लागली होती. त्या काळी ही मोठीच मजल होती.

दुसरे कारण श्वासाचे. पेट्रोल इंजिनाला वेग कमी हवा असला, की हवेच्या वाटेतली झडप मिटते. तोंडावर ओला रुमाल धरून श्वास घ्यावा, तशी त्याची गत होते आणि नुसता श्वास ओढण्यातच ताकद खर्च होते. डिझेल इंजिन हवा भरपूर घेते आणि तेल तेवढे कमीजास्त करते. म्हणूनच हळू चालण्याच्या कामात डिझेल विशेष काटकसरी ठरते.

तिसरे कारण मात्र थोडे फसवे आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते, त्यामुळे लिटरमागे त्यात सुमारे दहा टक्क्यांहून अधिक उष्णता असते. म्हणजे डिझेलच्या काटकसरीतला काही भाग इंजिनाच्या गुणाचा नसून मापाचा आहे.

डिझेल इंजिनांतही दोन जाती आहेत. आमच्या इंजिनात तेल आधी एका लहान कोठडीत पेटते आणि मग मुख्य जागेत येते. आवाज कमी होतो, पण त्या कोठडीच्या भिंती बरीच उष्णता गिळतात. दुसऱ्या जातीत तेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारले जाते आणि साधारण दहा ते पंधरा टक्के तेल वाचते. मिस्त्रींनी सुचवलेले इंजिन या दुसऱ्या जातीचे होते. तेव्हा त्यांचा सल्ला बिनबुडाचा नव्हता. सडकेवर ते इंजिन खरेच कमी प्यायले असते. प्रश्न एवढाच होता, की आमची जीप सडकेवर किती चालते?

डोंगरात किलोमीटर नव्हे, तास मोजावे

चढणीवर आबा लहान दांडा ओढून 'लो'मध्ये गाडी टाकतात. जुन्या विलिस धाटणीच्या जीपमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, 'लो'चे २.४६ आणि डिफरन्शिअलचे ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो, आणि घर्षणातला तोटा सोडला तर इंजिनाची पिळाची ताकद चाकाशी ३७ पट होऊन पोचते. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर २८ इंची चाकांवर गाडी ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर जाते. हा माणसाच्या चालण्याचा वेग झाला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, चढण चढायला अश्वशक्ती फार लागत नाही. योग्य गिअर लागतो. १९४१ ची लष्करी विलिस जीप अवघ्या ६० अश्वशक्तीची होती. दुसरी, चालण्याच्या वेगाने जाणारी गाडी वाटेपेक्षा वेळेमागे अधिक तेल खाते. इंजिनाला स्वतःला फिरत ठेवण्यासाठी जे तेल लागते, ते गाडी ताशी पाच चालो की पन्नास, लागतेच. मोठ्या इंजिनाचे स्वतःचे घर्षण मोठे, म्हणून 'लो'मध्ये रांगताना त्याची बचत बरीचशी तिथेच जिरते. आबांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. ते म्हणतात, "वरच्या वाटंला गाडी तासावर खाती."

वहीतला हिशेब

मी एक वही केली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटरचा आकडा टिपायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा गळ्यापर्यंत भरताना किती लिटर बसले ते लिहायचे. पहिल्याच आठवड्यात एक घोटाळा सापडला. सडकेवरच्या दगडांप्रमाणे दहा किलोमीटर झाले, की आमचा मीटर नऊच दाखवी. दोन वर्षांपूर्वी गाडी उंच व्हावी म्हणून आबांनी २८ इंचांऐवजी ३१ इंचांची चाके घातली होती. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. म्हणजे लिटरला सात हा आकडाच खोटा होता. खरा आकडा सुमारे ७.७ होता.

पण याचा अर्थ मोठी चाके निर्दोष होती असा नाही. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, की चाकाशी पोचणारा जोर जवळपास तेवढाच घटतो. जी चढण पूर्वी दुसऱ्या गिअरवर जायची, तिला आता पहिला लागत होता. जड चाके फिरवायलाही जास्त ताकद लागते. म्हणजे गाडीला उंची मिळाली, ती डिझेल मोजून.

दरड आल्यामुळे वरची वाट आठवडाभर बंद होती. त्या दिवसांत फक्त सडकेवरची खपत मोजता आली. पुढे वजाबाकीने वाटेवरची काढली. रोजच्या फेरीचे चित्र असे दिसले:

सडक २२ किलोमीटर, लिटरला ११, म्हणजे २ लिटर.
डोंगराची वाट १२ किलोमीटर, लिटरला ५, म्हणजे २.४ लिटर.
एकूण ३४ किलोमीटरला ४.४ लिटर.

अंतराचा एक तृतीयांश भाग निम्म्याहून अधिक तेल खात होता! नव्या इंजिनाने सडकेवर चौदा दिले असते, तर रोज ०.४३ लिटर वाचले असते. वाटेवर फारसे काही वाचले नसते. डिझेल लिटरला ९० रुपये आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला साधारण ११,६०० रुपये. एक लाख साठ हजार वसूल व्हायला पावणेचौदा वर्षे लागणार, आणि यात कर्जाचे व्याज धरलेलेच नाही. तेवढ्या काळात मी तेहतीस वर्षांचा झालो असतो.

मग काळ्या धुराचे काय? काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. मिस्त्रींना विनंती करून आधी चारही सिलिंडरांचा दाब मोजून घेतला. तो चांगला आणि सारखा भरला. म्हणजे इंजिनाची छाती शाबूत होती, दोष तेल फवारण्यात होता. नोझल झिजले होते आणि पंपाचे माप बिघडले होते. ती दुरुस्ती, रबर चढवलेली मूळ मापाची चार चाके, आणि गंजून बसलेले पुढचे हब मोकळे करणे, अशी तीन कामे झाली. हब मोकळे सुटले, की सडकेवर पुढचा एक्सल फुकट फिरत नाही. एकूण खर्च २८,००० रुपये. आई दर महिन्याला भिशीत टाकत आली होती, ते पैसे कामी आले.

त्यानंतर पुन्हा दोन महिने वही चालवली. सडकेवर साडेबारा, वाटेवर सहा. रोजचे ३.७६ लिटर. वर्षाला सुमारे १७,३०० रुपयांची बचत, म्हणजे खर्च वीस महिन्यांच्या आत निघेल. चाके आणि हब यांचा फायदा नव्या इंजिनालाही मिळालाच असता, हे खरे. पण तो मिळवायला नवे इंजिन लागत नव्हते.

कायद्याची बाजू

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी फेरफार करता येत नाही. नोंदणीतील तपशील कंपनीने ठरवलेल्या रचनेपासून वेगळा होईल असा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्या जातीचे इंजिन बसवले आणि आर.सी. बुकावर जुनेच राहिले, तर अपघाताच्या वेळी विमा हात वर करू शकतो. गावोगावच्या गॅरेजांत हे कुणी आधी सांगत नाही.

इंजिन बदलणे नेहमीच चूक, असा माझा निष्कर्ष नाही. पेट्रोलच्या जागी डिझेल घालणाऱ्यांनी त्या काळी शहाणपणच केले. पण त्यांची गाडी कुठे, किती आणि कोणत्या गिअरवर चालते हे त्यांना ठाऊक होते. भूक एकट्या इंजिनाला नसते. ती चाकाला असते, वजनाला असते, वाटेला असते. घरात कोण किती जेवते हे पाहिल्याशिवाय मोठे पातेले विकत आणू नये, तसेच हे आहे.

ती वही आता जीपमध्येच, स्टिअरिंगच्या बाजूला सुतळीने बांधलेली असते. मी कॉलेजला आलो की आबा स्वतः लिहितात. अक्षर मोठे आणि वाकडे आहे. दशांशाचे टिंब ते कधी कधी विसरतात. परवा सुटीत घरी गेलो तेव्हा एका पानावर '३७' लिटर असे लिहिलेले दिसले. मी हसलो, तर आबाही हसले आणि पेन घेऊन दोन आकड्यांच्या मध्ये त्यांनी ठळक टिंब दिले.

— द्वितीय वर्ष, कला