स्क्रीन काळी पडली? नवा मॉनिटर आणण्याआधी एवढं बघा

रत्नागिरी : पावसाळ्यात लाईट सारखी जाते-येते, विजा कडाडतात, त्यात हवेला ओल. सीपीयूचा पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, म्हणजे मॉनिटर गेलाच असं धरू नका.

मॉनिटरचा छोटा दिवा लागत नसेल तर आधी पॉवर केबल बदला. बऱ्याचदा सीपीयूचीच केबल त्याला बसते. ‘नो सिग्नल’ येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, दोष केबलचा नाहीतर सीपीयूचा. निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलची पिन वाकलीय का बघा. काळ्या स्क्रीनवर मोबाईलची बॅटरी तिरकी मारून अंधुक चित्र दिसलं तर आतली लाईट गेली. पक्की खात्री हवी तर सीपीयू एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडा. तिथे चित्र आलं तर मॉनिटर किंवा त्याची केबल, दोघांपैकीच एक.

नवा घेताना सीपीयूच्या मागचा फोटो काढून दुकानात दाखवा. इथेच लोक फसतात. जुन्या सीपीयूला नुसतं व्हीजीए आणि मॉनिटरला नुसतं एचडीएमआय असेल तर साध्या केबलने चालत नाही, कन्व्हर्टर लागतो. जोडताना दोन्हीचे प्लग काढलेले हवेत.

जुना डबा-मॉनिटर कुतूहल म्हणून उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जबर व्होल्टेज राहतं, काचेत शिसं असतं. पऱ्यात तर टाकूच नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.