वकील-निवेदक आणि शोकात्मिकेतील निवाडा

आधुनिक शोकात्मिकेत निवेदनाचे काम वकिलाकडे सोपवले जाते, तेव्हा ती केवळ प्रसंग जोडून घेण्याची नाट्यगत सोय राहत नाही. दुसऱ्याच्या आयुष्याचे कथन करणे हा वकिलाचा व्यवसायच असतो. मात्र पक्षकाराच्या जगण्यातून कायद्याला ऐकू येईल तेवढाच भाग तो निवडतो. जे निवडले जात नाही, त्याचे काय होते, हा शोकात्मिकेचा प्रश्न आहे.

आर्थर मिलर यांच्या 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'मधील अल्फिएरी हे या भूमिकेचे ठळक उदाहरण होय. 1955 साली एकांकी रूपात आलेले हे नाटक 1956 मध्ये लंडनला दोन अंकांत सादर झाले. गोदी कामगार एडी कार्बोन पत्नीच्या भाचीविषयीची आसक्ती स्वतःशीही कबूल करू शकत नाही. तिचे लग्न रोखणारा कायदा आहे का, असे तो अल्फिएरीला विचारतो. कायद्याच्या कक्षेत येणारी बाब एकच: तिच्या प्रियकराचा बेकायदा प्रवेश. म्हणजे जे एडीला खरोखर जाळते आहे त्याला कलम नाही, आणि ज्याला कलम आहे ते वापरणे म्हणजे आप्तद्रोह. अल्फिएरीला पुढचे सारे दिसते. ते टाळण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नाही. ग्रीक कोरसची असहायता येथे वकिलाच्या कचेरीत येऊन बसते. अखेरीस एडीसाठी शोक करणाराही तोच असतो.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) मधील सुखात्मे निवेदक नव्हे. परंतु बेणारेच्या आयुष्याचे कथन तोच ताब्यात घेतो. ज्याच्याकडे पक्षकार फिरकत नाहीत, अशा या वकिलाला अभिरूप न्यायालयात मात्र अमर्याद अधिकार मिळतो. फिर्यादीचा आणि बचावाचा असे दोन्ही वकील तोच आहे. फिर्यादीच्या बाजूने तो ऐकीव गोष्टींचा पुरावा करतो. बचावाच्या जागेवर आल्यावर गुन्हा गंभीर असल्याचे मान्य करून दयेची याचना तेवढी करतो. अल्फिएरीपाशी ज्ञान आहे, अधिकार नाही. सुखात्मेपाशी अधिकार आहे, तोही खोटा, पण त्याची इजा खरी. बेणारेचे दीर्घ स्वगत सुरू होते तेव्हा न्यायालय गोठलेले असते. तिचे कथन कामकाजात नोंदलेच जात नाही. भ्रूणहत्येच्या आरोपावरून उभा राहिलेला खटला गर्भ नष्ट करण्याच्या शिक्षेवर संपतो.

या दोन टोकांच्या संदर्भात तिसरी शक्यता कन्नड रंगभूमीवर दिसते. अनेक वर्षे बंगळूरूत राहिलेल्या आणि 2019 मध्ये तेथेच निधन पावलेल्या गिरीश कार्नाड यांच्या 'हयवदन' (1971) मधील भागवत हा यक्षगानाच्या परंपरेतला निवेदक आहे. याही नाटकात निवाडा आहे: शिरांची अदलाबदल झाल्यावर पद्मिनीचा पती कोण, हे ऋषी ठरवतो. शीर श्रेष्ठ, हे तत्त्व बिनचूक लागू होते आणि तिघांचेही दुःख आहे तेथेच राहते. भागवत न्याय करीत नाही. पण पद्मिनी चिता रचण्यास सांगून आपले मूल त्याच्याच स्वाधीन करते. निवाड्यानंतर जे उरते, ते सांभाळण्याची जबाबदारी निवेदकावर येते.

तिन्ही संहिता एकत्र वाचल्या म्हणजे असे दिसते की, निवाड्याबाहेर राहिलेल्या माणसाचा वाली कोण, याचे उत्तर निवेदकाच्या स्थानावरून ठरते. मिलरच्या नाटकात शोक करणारा रंगमंचावरच उपस्थित आहे; कार्नाडांच्या नाटकात वारसा सांभाळणारा आहे. तेंडुलकरांनी ही जागा जाणीवपूर्वक रिकामी ठेवली. रंगमंचावर एकही अल्फिएरी नसल्यामुळे बेणारेचे स्वगत ऐकल्याची साक्ष प्रेक्षकालाच द्यावी लागते. आणि तोवर तोही त्या खेळाला हसलेला असतो. 'शांतता!'ची शोकात्मता शोधताना म्हणूनच बेणारेच्या दुःखाइतकाच या अनुपस्थित निवेदकाचा विचार करणे आवश्यक ठरते.