हॉप्सच्या वेलीसाठी रात्रीचा दिवा

२०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये एका बातमीने देशभरातले फोन व्यापले होते. बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यातला एक शेतकरी ‘हॉप शूट्स’ नावाची भाजी पिकवतो आणि तिला किलोला लाख रुपये भाव मिळतो, अशी ती बातमी. एका सनदी अधिकाऱ्याने ती समाजमाध्यमावर टाकली आणि मराठी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतही ती पोचली. पत्रकार त्या गावात गेले तेव्हा हॉप्सची एकही वेल सापडली नाही. बातमी खोटी ठरली. पण तिच्यामुळे अनेकांच्या मनात आलेला प्रश्न मात्र खरा होता: ही वेल आपल्याकडच्या उष्ण हवेत येते का?

येते. पण तिला अडवणारी गोष्ट बहुतेकांना वाटते ती नाही.

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेल. शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस, कूळ भांगेचं. कर्टोलीसारखी हिची नर आणि मादी वेल वेगळी असते आणि उपयोगाची फक्त मादी. तिला हिरवट, कागदी पाकळ्यांचे शंकू लागतात. शंकू उकलला की पाकळ्यांच्या तळाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात आणि सगळा कडवटपणा, सगळा वास तिच्यातच असतो. हॉप्समुळे पेय टिकतं हे बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या संन्यासिनीने लिहून ठेवलं होतं. १५१६ मध्ये बव्हेरियाने बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचं नाही असा कायदाच केला.

जगातले हॉप्सचे मोठे मुलूख नकाशावर पाहिले तर ते साधारण ३५ ते ५५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. बव्हेरियातलं हालरटाउ, चेक प्रजासत्ताकातलं झाटेत्स, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं. सगळीकडे कडक हिवाळा. त्यामुळे हॉप्सला थंडी लागते, थंडीत झोपल्याशिवाय ती फुलत नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. २०१९ मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या विल्यम बाउर्ली यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. थंडीची झोप न मिळालेल्या वेलीही फुलल्या. ठरवणारी गोष्ट होती ती दिवसाची लांबी.

यामागचं शास्त्र शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९२० मध्ये अमेरिकी कृषी खात्याचे गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं, की अनेक झाडं फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूच्या झाडावर पुढचा उलगडा केला. झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला, तरी झाडाच्या लेखी ती रात्र तुटते. हॉप्सबद्दलचा नेमका अभ्यास इंग्लंडमधल्या वाय कॉलेजच्या थॉमस आणि श्वाबे यांनी १९६९ मध्ये मांडला. वेल ठरावीक पेरांची झाली की ती फुलायला पात्र होते. मग दिवस जातीनुसार ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान असेल तर ती फुलते, मोठा असेल तर वाढतच राहते.

आता आकडे शेजारी ठेवून पाहावेत. याकिमात जूनचा सर्वांत मोठा दिवस पावणेसोळा तासांहून थोडा अधिक असतो. त्या दिवसांत वेल पाच-सहा मीटर उंच चढते, बहरात एका दिवसात फूटभरही वाढते आणि दिवस आखडू लागले की अंगभर शंकू धरते. फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळ सर्वांत मोठा दिवस जेमतेम चौदा तासांचा. पुण्यात तो सव्वातेरा तासांचा. इथल्या वेलीला वर्षातला कोणताही दिवस लहानच वाटतो. वयात आल्याबरोबर ती फुलते. तेव्हा ती मांडवाच्या निम्म्यावरही पोचलेली नसते, फांद्या फुटलेल्या नसतात आणि हाती लागतात मूठभर शंकू. लोक म्हणतात, उन्हाने खुरटली. खरं कारण रात्रीचा अंधार असतो.

या अंधारावर उपाय शोधण्याची गरज फ्लोरिडाला संत्र्यांमुळे पडली. सिट्रस ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग तिथे २००५ मध्ये सापडला आणि पुढच्या दोन दशकांत राज्याचं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. (नागपूर-अमरावतीच्या वाचकांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.) बागायतदार पर्यायी पिकं शोधू लागले, राज्यात लहान ब्रुअरी वाढत होत्या, म्हणून फ्लोरिडा विद्यापीठाने हॉप्स हाती घेतलं. बाम गावच्या संशोधन केंद्रात शिन्सुके आगेहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेलींच्या मांडवावर एलईडी दिव्यांच्या माळा टांगल्या. हे दिवे वेलीचं अन्न तयार करण्यासाठी नव्हते, तेवढा उजेड त्यांच्यात नसतोच. ते होते वेलीला रात्र लहान वाटावी म्हणून. वेल तारेपर्यंत चढली की दिवे बंद करायचे. फ्लोरिडाचा नैसर्गिक दिवस मुळातच लहान, त्यामुळे अंधार मिळताच फुलं धरतात.

या युक्तीतून असा एक फायदा निघाला, जो थंड प्रदेशांना मिळत नाही. याकिमात वर्षाला एकच पीक येतं. फ्लोरिडात जूनच्या सुमारास पहिली तोडणी झाली की वेली खाली छाटतात, नवे कोंब वर चढवतात, पुन्हा दिवे लावतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुसरी तोडणी होते. ज्या हवामानाला या पिकासाठी निकामी समजलं जात होतं, तिथे वर्षाला दोन हंगाम निघतात. शेतीसंशोधनातली ही अलीकडची फार मोलाची गोष्ट म्हणायला हवी, कारण तिच्यामागे महागडं यंत्र नसून झाडाचं नीट केलेलं निरीक्षण आहे.

दक्षिण आफ्रिका या वाटेवरून आधीच गेली होती. तिथल्या जॉर्ज शहराच्या परिसरात, ३४ अंश दक्षिणेला, हॉप्सच्या बागांना दिव्यांचा आधार द्यावा लागे. पुढे तिथेच लहान दिवसांत भागवणाऱ्या ‘सदर्न’ नावाच्या जाती संकरातून तयार झाल्या. ब्राझीलनेही गेल्या काही वर्षांत दिव्यांची वाट धरली आहे.

घरी वेल लावणाऱ्याने यातून काय घ्यावं?

पहिली निवड जातीची. फ्लोरिडातल्या चाचण्यांत कॅस्केड ही जात उजवी ठरली. अमेरिकी कृषी खात्याने १९७२ च्या सुमारास आणलेली ही जात लिंबूवर्गीय सुगंधासाठी प्रसिद्ध आहे आणि चिवटही आहे. लागवड जमिनीतल्या, मुळासारख्या जाड खोडाच्या तुकड्यापासून किंवा छाटकलमाच्या रोपापासून करावी. बियांपासून करू नये, कारण त्यातली साधारण निम्मी रोपं नर निघतात. कुंडी किंवा ग्रो बॅग किमान पन्नास लिटरची हवी, कारण मुळं खोल आणि भुकेली असतात. पाण्याचा निचरा चोख, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, ठिबक असेल तर उत्तम. ऊन भरपूर लागतं. पण एप्रिल-मेसारख्या कडक उन्हात दुपारनंतर सावली मिळणारी जागा बरी, नाहीतर पानांच्या कडा करपतात.

मांडव हवा उंच. बागेत पाच-सहा मीटर, गच्चीवर तीन मीटरचा चालतो. तिथे वेल वर पोचल्यावर आडवी न्यावी. सुतळी किंवा काथ्याच्या एका दोरीवर दोन-तीनच जोमदार कोंब चढवावेत, बाकीचे खुडून टाकावेत. चढवताना दिशा पाळावी लागते. ही वेल वरून पाहिलं असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. उलटी गुंडाळली तर स्वतःला सोडवून घेते. तिच्या खोडावर बारीक आकडेदार केस असतात, त्यांनी त्वचेवर ओरखडे उठतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच काम करावं. खुडलेले कोवळे कोंब फेकू नयेत. बेल्जियममध्ये आणि इटलीच्या व्हेनेतो भागात ती वसंतातली आवडती भाजी आहे. बिहारच्या त्या बातमीचं मूळही बेल्जियममधल्या हंगामाच्या सुरुवातीच्या चढ्या भावांत आहे. मातीखालून एकेक कोंब हाताने खुडावा लागतो, म्हणून तो महाग असतो.

मग दिवा. वेलीच्या वर एक साधा उबदार पिवळ्या किंवा लालसर प्रकाशाचा एलईडी आणि टायमर एवढं पुरतं. रात्री दहा ते दोन असा मधल्या वेळी उजेड पडला तरी रात्र तुटते. पुणे, साताऱ्याकडे पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणाऱ्यांना हे शिकवावं लागणार नाही. शेवंतीही लहान दिवसांत फुलणारी, म्हणून दांडे हव्या त्या उंचीचे होईपर्यंत ते रात्री बल्ब लावतात आणि मग अंधार देतात. हॉप्सचं गणित अगदी तेच आहे. फक्त दिवा बंद केल्यावर खरा अंधार मिळतो का, हे पाहायला हवं. शहरातल्या गच्चीवर रस्त्याचा दिवा थेट वेलीवर पडत असेल तर फुलं लांबतात.

कीड-रोगांची यादी नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला तोंडपाठ असेल: भुरी, डाऊनी, मावा आणि कोरड्या उन्हात लाल कोळी. जमिनीत लावली तर सूत्रकृमींचाही त्रास होतो. फ्लोरिडाच्या वाळूत तो मोठा आहे. वेल वर गेली की खालच्या तीन फुटांतली पानं काढून टाकावीत, हवा खेळते आणि रोग वर चढत नाही. महाराष्ट्रात पावसाळ्यात ही वेल निरोगी ठेवणं अवघड जाईल. त्यामुळे कोकणापेक्षा देशावरचा कोरडा हिवाळा तिला अधिक मानवेल. ऑक्टोबरपासून दिव्याखाली वाढवावी आणि जानेवारीच्या आगेमागे अंधार द्यावा, असा हिशेब शेवंतीवरून बांधता येतो.

शंकू हाताला कागदासारखे लागले, पिवळी भुकटी गडद झाली आणि चोळल्यावर वास दरवळला की तोडणी करावी. ताज्या शंकूत चार भागांत तीन भागांहून जास्त पाणी असतं. ते मंद उष्णतेवर, सावलीत, वारा खेळता ठेवून वाळवावेत. मधला देठ काडीसारखा मोडला म्हणजे वाळले. मग हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. घरात कुत्रा असेल तर शंकू, विशेषतः वापरून उरलेला चोथा, त्याच्यापासून दूर ठेवावा. कुत्र्यांना हॉप्समुळे जीवघेणा ताप चढतो.

भारतात हॉप्सचा इतिहास लहान पण खरा आहे. वॉल्टर लॉरेन्स यांच्या १८९५ च्या काश्मीरवरील ग्रंथात सोपोरजवळच्या सरकारी हॉप्सबागेचा उल्लेख येतो. पुढे विसाव्या शतकात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात शेतकऱ्यांनी हे पीक घेतलं. तिथला जूनचा दिवस पुण्यापेक्षा तासाभराने मोठा. पण देशातल्या ब्रुअरींचा मोठा आधार आयात मालाचाच राहिला आहे. देशातल्या पहिल्यावहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. त्यामुळे ताज्या हॉप्सला इथे गिऱ्हाईक आहे.

तरीही दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. परदेशातून हॉप्सचं रोप किंवा मूळ खिशात घालून आणता येत नाही. केंद्राच्या २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि हा नियम द्राक्ष-संत्र्यांसारख्या इथल्या पिकांच्या रक्षणासाठीच आहे. दुसरं, वेल वाढवणं आणि बिअर बनवणं यांत फरक आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बिअर तयार करता येत नाही. घरच्या शंकूंचा उपयोग चहासारख्या काढ्यात किंवा उशीत भरण्यासाठी होतो आणि युरोपात तो जुना आहे.

शेतकऱ्याने मोबाइलवरच्या भावाच्या भरवशावर यात एकरभर पैसे घालू नयेत. उंच मांडव, दिवे, तोडणीची मजुरी आणि वाळवण्याची सोय, या प्रत्येकाचा खर्च खरा आहे आणि पहिल्या वर्षी पीक हलकंच येतं. पण राज्यातल्या कृषी विद्यापीठांनी शेवंतीच्या दिव्यांखाली दोन-चार वाफे हॉप्सचे लावून आकडे शेतकऱ्यांसमोर ठेवावेत. त्यासाठी लागणारं सगळं ज्ञान आणि बहुतेक सामग्री इथल्या पॉलिहाऊसमध्ये आजच हजर आहे.