बंद पडलेला झिग्बी हब पुन्हा सुरू करताना

लिडल या युरोपातल्या सुपरमार्केट साखळीने सिल्व्हरक्रेस्ट नावाने एक स्वस्त झिग्बी हब विकला. घरातले दिवे आणि सेन्सर तो इंटरनेटशी जोडतो, पण सगळा कारभार बाहेरच्या सर्व्हरमार्फत चालतो. हा सर्व्हर टाळायचा म्हणून अनेकजण हब उघडून त्याचे फर्मवेअर बदलतात. लिहिताना मध्येच वीज गेली किंवा फाइल चुकीच्या पत्त्यावर गेली, की हब सुरूच होत नाही. असा हब बहुतेकदा वाचतो. त्याला खरा धोका असतो तो घाबरून पुन्हा पुन्हा काहीतरी लिहीत राहण्याचा.

आतली रचना आधी समजून घेऊ. रिअलटेकचा प्रोसेसर, ३२ मेगाबाइट रॅम, १६ मेगाबाइटची फ्लॅश चिप आणि झिग्बीसाठी सिलिकॉन लॅब्जचे वेगळे रेडिओ मॉड्यूल. फ्लॅशच्या पहिल्या १२८ किलोबाइटमध्ये बूटलोडर असतो, त्यानंतर लिनक्सचा गाभा, मग फाइलसिस्टिम. ४ मेगाबाइटच्या खुणेपासून पुढच्या छोट्या पट्ट्यात त्याच एका हबची किल्ली असते. ही किल्ली दुसऱ्या कुठल्याही हबमधून मिळत नाही. म्हणून कुणाच्या तरी हबची अख्खी फ्लॅश आपल्या हबमध्ये उतरवणे हा उपाय नव्हे. तेवढ्याने किल्ली कायमची जाते.

फसलेल्या प्रयत्नात बहुधा गाभा किंवा फाइलसिस्टिम बिघडते, बूटलोडर शाबूत राहतो. तो शाबूत आहे का, हे सिरियल पोर्टवरून कळते. बोर्डावर पिनांची एक रांग असते. तिथे ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर जोडायचा: ग्राउंडला ग्राउंड, अडॅप्टरचा टीएक्स हबच्या आरएक्सला आणि उलट. अडॅप्टरची पॉवरची तार मोकळीच ठेवावी, हबला त्याच्या स्वतःच्या यूएसबी केबलने वीज द्यावी. ५ व्होल्टचा अडॅप्टर अजिबात नको, त्याने प्रोसेसर जळू शकतो. वेग ३८४०० ठेवायचा. पडद्यावर अगम्य अक्षरे आली तर आनंद माना: हब बोलतो आहे, फक्त वेग जुळलेला नाही.

वीज देताच एस्केप दाबत राहिले की बूटलोडर थांबतो आणि आज्ञेची वाट पाहतो. इथे लगेच लिहायला घेऊ नका. त्याला फ्लॅश वाचण्याचीही आज्ञा येते. आधी निदान किल्लीचा पट्टा वाचून संगणकावर जपून ठेवा. मग हबला नेटवर्क केबल लावून टीएफटीपीने फाइल पाठवता येते. या बूटलोडरचा पत्ता सहसा १९२.१६८.१.६ असतो, संगणकालाही त्याच रांगेतला पत्ता द्यावा लागतो. जो भाग बिघडला तेवढाच लिहा.

सिरियलवर काहीच उमटत नसेल तर मल्टिमीटरने चिपला ३.३ व्होल्ट पोहोचतात का ते बघा. वीज नीट असेल, तर बूटलोडरच गेला असण्याची शक्यता मोठी. मग हबची वीज काढून आठ पायांच्या फ्लॅश चिपला क्लिप लावायची आणि सीएच३४१ए प्रोग्रामरने ती थेट वाचायची. या प्रोग्रामरच्या काही काळ्या बोर्डांवर डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात, म्हणून आधी मोजून घ्या. दुसरी अडचण जास्त चकवते. क्लिपमधून जाणारी वीज प्रोसेसरलाही पोहोचते, तो जागा होऊन त्याच चिपशी बोलू लागतो आणि वाचन बिघडते. म्हणून निदान दोनदा वाचून दोन्ही फाइलींचा चेकसम ताडून पाहावा. दर वेळी वेगळा आला तर चिप बोर्डावरून उतरवूनच वाचावी लागते. दोन्ही वाचने जुळली की त्या फाइलीच्या प्रतीत फक्त बूटलोडरचे १२८ किलोबाइट त्याच मॉडेलच्या हबमधून घेऊन बसवायचे, बाकी आपलेच ठेवायचे, आणि मग ती फाइल चिपमध्ये लिहायची.

हब उठला पण दिवे सापडत नाहीत, असेही होते. रेडिओ मॉड्यूलची मेमरी स्वतंत्र असते. तिथले फर्मवेअर अर्धवट लिहिले गेले असेल, तर बोर्डावरच्या डीबग पिनांतून ते वेगळे भरावे लागते. त्यात झिग्बी नेटवर्कची किल्ली पुसली गेली आणि तिची प्रत आधी काढलेली नसेल, तर घरातला प्रत्येक दिवा आणि सेन्सर रीसेट करून हबला नव्याने जोडावा लागतो.