त्याच्या मूडवर तुमचा दिवस ठरतो का?

व्यसनी माणसांच्या बायकांशी बोलणं हे माझं रोजचं काम. "ताई, तुम्ही कशा आहात?" असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर येतं, "आज ते प्यायले नाहीत." स्वतःचं सुखदुःख असं दुसऱ्यावर सोपवणं म्हणजे सहअवलंबित्व.

मद्यपींच्या कुटुंबीयांनाही आधार हवा, हे ओळखून अमेरिकेत १९५१ साली अल-अनॉन हा आधारगट सुरू झाला. १९८६ मध्ये मेलडी बीटी यांच्या 'कोडिपेंडंट नो मोअर' या पुस्तकाने सहअवलंबित्वाचा विषय घरोघरी पोचवला. पण घरात दारू नसतानाही हे घडतं. मेसेजला उत्तर आलं नाही की ज्यांना घास उतरत नाही, एक नातं तुटताच जे दुसरं शोधतात, असे तरुणही माझ्याकडे येतात. त्यांच्यातल्या अनेकांना लहानपणी मोठ्यांची मर्जी सांभाळली, तरच माया मिळालेली असते.

बायका असोत की हे तरुण, मी सगळ्यांना एक वही घालायला सांगते. डाव्या पानावर 'त्याचं', उजव्या पानावर 'माझं'. नवऱ्याच्या साहेबांना "त्यांना ताप आलाय" असा खोटा फोन करणं डावीकडे, म्हणजे ते सोडायचं. आपलं औषध, भिशी, मैत्रीण उजवीकडे, म्हणजे ते जपायचं. मग रोज एखाद्या लहानशा गोष्टीला 'नाही' म्हणायचं. सुरुवातीला छाती धडधडते, अपराधी वाटतं. सरावाने ते ओसरतं.

मारहाण होत असेल, तर मात्र आधी जीव सांभाळा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. आणि जोडीदार सुधारेपर्यंत स्वतःचं जगणं थांबवू नका.