परसातील कोंबड्या : पिल्लांच्या पचनाच्या तक्रारी व त्यांचा इलाज

मालेगावात यंत्रमागाचा धंदा मंदावला की मोहल्ल्यातील घरोघरी काही ना काही जोडधंदा सुरू होतो. त्यात सगळ्यात सोपा समजला जातो तो कोंबड्यांचा. वीस, तीस, फार तर पन्नास पिल्ले आणायची, वनराजा, गिरिराजा किंवा रोड आयलंड रेड जातीची, आणि परसात वाढवायची. कागदावर हिशेब उत्तम दिसतो. अंडी इतकी, नर इतके, खाद्य इतके, बाकी नफा. या हिशेबात एक रकाना बहुतेक लोक घालतच नाहीत, तो म्हणजे पहिल्या आठ आठवड्यांतील मरतूक.

आम्ही कापडाचे व्यापारी. कोंबड्यांचा कारभार आमच्या घरात आपांकडे, म्हणजे आमच्या थोरल्या भगिनींकडे आहे, पण त्याची वही आम्ही लिहितो. गेल्या पंधरा वर्षांची ती वही चाळली तर मेलेल्या पिल्लांपुढे आपांनी सांगितलेले कारण बहुतेक वेळा एकच आहे, 'पोट बिघडले'. वास्तविक पोट बिघडणे हे एक दुखणे नाही. त्यात पाच-सात वेगवेगळी दुखणी आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला दिला तर पिल्लू वाचायचे ते मरते. आमचेही असे बरेच नुकसान झाले, म्हणून हा तजुर्बा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कोंबडीचे पोट कसे चालते ते समजून घ्यावे. कोंबडीला दात नाहीत. ती दाणा सरळ गिळते आणि तो गळ्याच्या खाली, छातीच्या किंचित उजव्या बाजूला असलेल्या पिशवीत साठतो. ही नुसती कोठी आहे, तिथे दाणा फक्त भिजतो. पुढे तो लहानशा पाचक पोटात जातो व तिथून पोट्यात. पोटा म्हणजे दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच, ज्याला उर्दूत आम्ही संगदाना म्हणतो. संग म्हणजे दगड. नावातच त्याचे काम आहे. कोंबडीने गिळलेल्या खड्यांच्या मदतीने हा पोटा जात्यासारखा दाणा दळतो. दळलेले आतड्यात जाते व अंगी लागते. कोठीतून जात्यात आणि जात्यातून पुढे, यात कुठेही माल अडला की मागे सगळी रांग थांबते. गिरणीच्या किंवा मागाच्या धंद्यातील माणसाला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आपांनी लावलेली एक शिस्त आम्ही सर्वांना सांगतो. दुकानदार जसा रात्री आणि सकाळी गल्ला पाहतो तशी पिल्लांची पिशवी पाहावी. मगरिबच्या सुमारास पिल्ले खुराड्यात शिरली की चार-सहा पिल्ले हातात घेऊन बोटांनी हलकेच चाचपावे. पिशवी भरलेली आणि भिजवलेल्या कणकेहून मऊ लागली पाहिजे. सकाळी खाद्य टाकण्यापूर्वी तीच पिल्ले पुन्हा पाहावीत. आता पिशवी रिकामी, सपाट लागली पाहिजे. रात्री रिकामी असेल तर पिल्लू खात नाही, किंवा थोराड पिल्ले त्याला खाऊ देत नाहीत. सकाळीही भरलेली आणि कडक असेल तर माल अडकला आहे. सकाळी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीतून आंबूस वास येत असेल तर आतला माल नासला आहे. एवढ्या चाचपणीने निम्मे निदान होते आणि त्याला पैसा लागत नाही.

नवीन पिल्ले घरी आली की पहिल्या दिवशी ही तपासणी जास्त महत्त्वाची. अंड्यातील बलकाचा अंश पिल्लाच्या पोटात असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस निभावते. त्यामुळेच हॅचरीवाले एक दिवसाची पिल्ले लांबवर पाठवू शकतात. पण प्रवासाने ते तहानलेले असते. म्हणून आल्याबरोबर आधी पाणी, दोन-चार पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवावी, बाकीची पाहून शिकतात. खाद्य त्यानंतर. काही तासांनी पिशवी चाचपावी. कडक कोरडी लागली तर पाणी कमी पडते आहे. नुसतेच पाणी भरले असेल तर खाद्य सापडत नाही. गुळाचे पाणी पहिल्या दिवसापुरते ठीक, पुढे चालू ठेवू नये, त्याने शीट चिकट होते. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा टाकत असाल तर पहिले तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र अंथरावे, नाहीतर पिल्ले खाद्य समजून भुसाच खातात. कागद गुळगुळीत नसावा, पाय घसरून फाकतात.

ऊब हा पचनाचा अर्धा भाग आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. गारठलेल्या पिल्लाचे आतडे चालत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंशांच्या आसपास कमी करत न्यावी. थर्मामीटर नसेल तर पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी आहे, लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा आहे, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. २०१९ च्या हिवाळ्यात आमच्या मुलाने खुराड्यातला जुना पिवळा बल्ब गेला म्हणून नवा एलईडी दिवा लावला. उजेड लख्ख, वीजबिलही कमी. पण त्या दिव्याला ऊब कुठली? चार दिवसांत तीसपैकी नऊ पिल्ले गेली आणि उरलेल्यांच्या शेपटीखाली शीट वाळून चिकटली होती. हल्ली तारेचे जुने बल्ब बाजारात सहज मिळत नाहीत, त्यामुळे ही चूक पुष्कळ घरांत होत असणार. जुना बल्ब किंवा ऊब देणारा खास दिवा शोधून आणावा. तो टांगताना साखळीने पक्का बांधावा, भुशात पडला तर आग लागते.

शेपटीखाली शीट चिकटून जागा बंद होणे ही पहिल्या दहा दिवसांतील नेहमीची तक्रार आहे. वाट बंद झाली की पिल्लू एक-दोन दिवसांत मरते. इलाज घरचाच आहे. कोमट पाण्यात भिजवलेले मऊ फडके लावून शीट भिजू द्यावी, मग हलक्या हाताने सोडवावी. कोरडे ओढू नये, कातडी निघते. नंतर पिल्लू पुसून, सुकवून, त्या जागी खोबरेल तेलाचे बोट लावून उबेत सोडावे. येथे एक एहतियात ठेवावी. त्या जागेच्या पुढे, पोटाच्या बाजूला बेंबीची खपली असते. तिला शीट समजून ओढले तर पिल्लू दगावते. एखाद-दुसऱ्या पिल्लाला असे झाले तर ऊब आणि पाणी तपासावे. पण पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी हगवण लागून एकामागून एक पिल्ले मरू लागली तर तो अंड्यातूनच येणारा जंतू असू शकतो. त्यातून वाचलेली कोंबडीही पुढे तो आजार अंड्यांतून देते. तेव्हा त्या कळपाची अंडी उबवायला ठेवू नयेत आणि त्या ठिकाणाहून पुन्हा पिल्ले घेऊ नयेत, भाव कितीही कमी असो.

आता पिशवी अडकण्याविषयी, आणि येथे आम्हांला आमच्याच धंद्याची कबुली द्यावी लागते. आमच्या परसाला लागून मागाचा कारखाना आहे. झाडलोटीतील सुताचे तुकडे, काठाच्या दोऱ्या, चिंध्या वाऱ्याने परसात येत. दोन महिन्यांच्या तलंगांना ते किडे वाटत असावेत. २०१७ साली तीन तलंगांची पिशवी सकाळीही लिंबाएवढी कडक लागू लागली. एकीच्या चोचीतून निळा धागा लोंबत होता. मुलाने तो ओढला आणि आतून रक्त आले, ती संध्याकाळी गेली. धागा दिसला तर कधीही ओढू नये, चोचीजवळ कापावा आणि कोंबडी डॉक्टरांकडे न्यावी. दुसरीला आम्ही कुणीतरी सांगितल्याप्रमाणे तेल पाजून पाय धरून उलटी टांगली. पिशवीतले पाणी श्वासनलिकेत गेले आणि ती आमच्या हातातच गेली. तिसरी तेवढी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरसाहेबांनी जागा बधिर करून पिशवीला चीर दिली आणि आतून सुताचा चिंचोक्याच्या रंगाचा गोळा काढला. सोडवून पाहिला तर आमच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या साडीच्या काठाचाच दोरा. दोन थरांत टाके घातले. ती तलंग पुढे अंड्यावर आली. त्या दिवसापासून परस रोज झाडतो, आणि कारखान्याच्या बाजूने बारीक जाळी लावली आहे.

सगळे अडकणे असे दोऱ्याचे नसते. लांब गवत, मेथीच्या काड्या, शिळ्या पावाचे आणि पोळीचे तुकडे, तूस, यांचाही गोळा होतो. सुरुवातीचा अडसर असेल तर घरी उपाय करता येतो. घट्ट खाद्य बंद करावे. चोचीच्या कडेला गोडे तेल थेंब थेंब सोडावे, लहान पिल्लाला दोन-तीन थेंब, मोठ्या कोंबडीला चहाचा एक चमचा, आणि ते तिचे तिला गिळू द्यावे. मग पिल्लू उभे ठेवूनच पिशवी बोटांनी हलकेच, कणीक मऊ करावी तशी, दोन-तीन मिनिटे चोळावी. कोमट पाणी समोर ठेवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे. दुसऱ्या सकाळी पिशवी उतरली तर पातळ भिजवलेल्या खाद्यावर आणावे. उतरली नाही तर डॉक्टर. लहान पिल्लाला उपाशी ठेवून वाट पाहण्यात अर्थ नाही, त्याच्या अंगात तेवढा साठाच नसतो.

नासलेल्या, आंबलेल्या पिशवीचे प्रकरण वेगळे. तेथे कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते, आणि ती वाढण्याचे एक मोठे कारण आपणच असतो. पिल्लू मलूल दिसले की औषधाच्या दुकानातून माणसांची कॅप्सूल आणायची आणि पाण्यात टाकायची, ही सवय आमच्या मोहल्ल्यात सर्रास आहे. त्या प्रतिजैविकाने पोटातले चांगले जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. शिवाय ते औषध अंड्यात आणि मांसात उतरते, आणि अंडी आपण गिऱ्हाइकाला विकतो. काही जण मोरचुदाचे पाणी पाजतात. मोरचुदाने बुरशी मरते हे खरे, पण मात्रा थोडी वाढली की कोंबडीही मरते. येथे डॉक्टर निस्टॅटिनसारखे बुरशीवरचे औषध देतात, तेच घ्यावे. घरी करण्यासारखे म्हणजे पाण्याचे भांडे रोज घासणे, ओले उरलेले खाद्य संध्याकाळी फेकणे, आणि दह्याचा मारा न करणे. कोंबडीला दुधातली साखर पचत नाही, बोटभर दही फार झाले.

खाद्याच्या बाबतीत व्यापारी म्हणून आम्ही फसलो. पावसाळ्यात स्वस्तात भिजका मका मिळाला म्हणून पोतेभर घेतला. बुरशी आलेल्या मक्यात व शेंगदाणा पेंडीत जे विष तयार होते ते यकृतावर जाते, आणि ते उकळूनही जात नाही. त्या पोत्याच्या मोबदल्यात आम्ही चौदा पिल्ले घालवली. दुसरी चूक अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना घालण्याची. त्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरते, जास्तीचे मूत्रपिंडावर बसते. पहिले आठ आठवडे पिल्लांचेच भरड खाद्य द्यावे. नुसत्या भरड खाद्याला खडे लागत नाहीत. पण कणी, बाजरी, चिरलेला पाला सुरू केला की वेगळ्या भांड्यात जाडसर वाळू ठेवावी, नाहीतर जाते फिरेल पण दळणार नाही.

आता ज्याला पचनाचा विकार समजून वेळ घालवू नये अशा गोष्टी. तीन ते सहा आठवड्यांचे पिल्लू पिसे फुगवून, मान आत ओढून बसले आणि शीटेत रक्त दिसले तर ती बहुधा रक्ती हगवण. ओल्या भुशात तिची बीजे एक-दोन दिवसांत तयार होतात. अँप्रोलियम हे तिचे औषध डॉक्टरांच्या मात्रेने पाण्यातून द्यावे, आणि त्या दिवसांत ब जीवनसत्त्वाचे टॉनिक बंद ठेवावे, कारण औषध ब-१ अडवूनच काम करते. भुसा मात्र बदललाच पाहिजे. तपकिरी, चिकट, दुर्गंधी शीट दिवसातून काही वेळा येते ती आजाराची नव्हे, ते पाहून घाबरू नये. हिरवी हगवण, पाण्याने भरलेली पिशवी, धाप आणि वाकडी मान, हे मानमोडीचे लक्षण, त्याला इलाज नाही, फक्त लस आहे. पहिला थेंब पहिल्या आठवड्यातच डोळ्यात किंवा नाकात पडायला हवा. तीन ते सहा आठवड्यांत पांढरी पाण्यासारखी हगवण घेऊन येणारा गंबोरो, त्याचेही तसेच. आणि एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या विकू, कापू किंवा नाल्यात टाकू नयेत, लगेच दवाखान्यात कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आपल्या भागातील धंद्याचे काय झाले ते अनेक वाचकांनी पाहिले आहे.

दवाखान्यात जाताना नुसते 'पोट बिघडले' सांगून भागत नाही. पिल्लांचे वय, कोणती लस केव्हा दिली, खाद्याचे पोते केव्हा उघडले, हे एका चिठ्ठीवर लिहून न्यावे. मूठभर खाद्य पुडीत घ्यावे, ताजी शीट कागदावर घ्यावी. पिल्लू नुकतेच मेले असेल तर प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून, बाहेरून बर्फ लावून, त्याच दिवशी न्यावे. फ्रीजरमध्ये गोठवू नये, गोठलेल्या पिल्लाच्या आतड्यावरून डॉक्टरांना नीट काही सांगता येत नाही. घरी आल्यावर हात आणि चपला धुऊन मगच खुराड्याकडे जावे.